मॅग्नेशियमला काही हवं नसतं

कुसुम, काल तुझा वर्ग मी घेतला.

खंडेनवमी तोंडावर आली आहे आणि तू जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. फौंड्रीच्या मॅनेजरांचा फोन आला तेव्हा मी सरळ नाही म्हणणार होते. मी जन्मभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, तेही पंख्याखाली, हातात खडू घेऊन. भट्टीवर उभं राहणाऱ्या माणसांना काय सांगायचं, हे तुझं काम. पण ते म्हणाले, "म्याडम, बाईंनी तुमचंच नाव सांगून ठेवलंय." मग काय बोलणार? तुझ्याशी हुज्जत घालायची सोय उरलेली नाही, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा नीट कळलं.

तुझ्या शोकसभेत लोक बरंच काही बोलले. फौंड्रीत पाय ठेवणारी पहिली बाई, कामाची वाघीण, वगैरे वगैरे. ते खरं होतं. एक गृहस्थ मात्र उठून तुला 'शांत आणि मनमिळाऊ' म्हणाले. मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय, आणि तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. अगं, मी हसत होते. तुला मनमिळाऊ म्हणणारा माणूस तुझ्यासमोर एकदाही चुकीचं वाक्य बोलला नसावा.

मी बोलले होते. आपली ओळखच त्यातून झाली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सर सोडियमचा प्रयोग दाखवत होते. रॉकेलच्या बाटलीतून त्यांनी चिमट्याने तुकडा बाहेर काढला, टिपकागदावर पुसला आणि सुरीने कापला. खव्याची वडी कापावी तसा तो कापला गेला. आतून लख्ख चकाकला आणि बघता बघता मळकट झाला. हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यावर पडला, त्याची गोळी झाली, ती फुसफुसत इकडून तिकडे पळाली, भांड्याच्या काठाला अडकली आणि पिवळा पेट घेऊन संपली. सरांनी विचारलं, असं का होतं? पेठ वडगावच्या शाळेतून जे पाठ करून आले होते ते मी घडाघडा म्हणून दाखवलं. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो, तो त्याला देऊन टाकायचा असतो, दिला की तो स्थिर होतो. सर "शाब्बास" म्हणाले. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्याला द्यायचा असतो तर काढून घ्यायला ऊर्जा का लागते? तक्त्यात तर तसं दिलंय."

सरांनी घड्याळात पाहिलं आणि उत्तर पुढच्या तासावर ढकललं. बाहेर आल्यावर मी तुला अडवलं. म्हटलं, सगळ्या वर्गासमोर मला पाडलंस. तू म्हणालीस, "तुला न्हाय पाडलं. वाक्याला पाडलं." आणि वर, "चल, आमच्या दुकानात. गूळ खा, मग सांगतो."

तू आपल्याकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी सांगतो' असंच बोलायचीस, पुढे इंजिनियरांच्या मीटिंगमध्येसुद्धा. मी शिक्षिका झाले आणि पुस्तकी बोलायला शिकले. त्यावरूनही तू मला चिडवायचीस.

तुझ्या वडिलांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. पोत्यांवर बसून तू मला जे सांगितलंस ते मी पुढे कितीतरी बॅचेसना जवळजवळ तसंच शिकवलं, फक्त तुझं नाव न घेता. इलेक्ट्रॉन सोडणं कुणालाच फुकट पडत नाही. सोडियमलाही नाही. इतरांपेक्षा त्याला कमी लागतं, एवढंच. कारण तो शेवटचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब असतो, मधल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा असतो, त्यामुळे पकड सैल. पण एकदा तो सुटला की पुढे बरंच काही घडतं. उरलेल्या सोडियमला पाण्याचे रेणू चारी बाजूंनी वेढतात, पाण्यातला हायड्रोजन मोकळा होतो, आणि या सगळ्यात लागली त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा बाहेर पडते. ती इतक्या झटक्यात पडते की हायड्रोजन पेटतो. पोटॅशियममध्ये तो इलेक्ट्रॉन आणखी लांब, पकड आणखी सैल, म्हणून त्याचा तमाशा आणखी मोठा.

"ह्यात 'हवं' कुठं आलं सांग की," तू म्हणालीस. "डोंगरावरनं धोंडा खाली येतोय. त्याला काय घरची ओढ लागलीय व्हय?"

मी म्हटलं, धोंड्याची गोष्ट सांगितली तर पोरं झोपतील. 'सोडियमला द्यायचंय, क्लोरीनला घ्यायचंय' म्हटलं की त्यांच्या डोक्यात बसतं. तू म्हणालीस, "खोटं बसतंय." मी म्हटलं, खोटं नाही, सोपं. हा वाद त्या दिवशी सुरू झाला आणि परवापरवापर्यंत चालला.

त्याच दुपारी तू समोरच्या ढेपेवर थाप मारून मला विचारलंस, ह्या ढेपेत ऊर्जा जास्त का तेवढ्याच वजनाच्या फटाक्याच्या दारूत? मी अर्थातच दारू म्हटलं. तू इतकी खूश झालीस की बोलूच नकोस. "गुळात जास्त! कितीतरी जास्त. पण गूळ सावकाश जळतोय, हवेतला ऑक्सिजन मिळंल तसा. दारूत ऑक्सिजन देणारा सोरा आधीच मिसळून ठेवलेला असतोय, शेजारी शेजारी. ऊर्जा किती ह्याच्यावर धडाका नसतो सुजे, किती झटक्यात ह्याच्यावर असतोय." तुझे वडील गादीवरून ओरडले, "पोरींनो, हळू बोला! अडतीवर दारू हाय म्हणून बोंब व्हायची." मग त्यांनी आपल्या दोघींना एकेक खडा दिला आणि अभ्यासाला हाकललं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, तीही पुढे तूच दाखवलीस. घरात भांडी घासताना तू ॲल्युमिनियमचं पातेलं उलटं धरून म्हणालीस, "हे काय गरीब हाय असं वाटतंय का तुला? आतनं पेटणारं हाय. वर साय धरलीय म्हणून गप हाय." हवा लागताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि तोच त्याला आणखी जळू देत नाही. मी हसून म्हटलं, म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखं. त्यावर तू तासभर बोलली नाहीस. नवऱ्याचा राग नव्हता तो. मी पुन्हा माणूस मध्ये आणला याचा होता.

मला एका गोष्टीचं मात्र अजूनही हसू येतं. आमच्या घरी बुद्धवंदना, तुमच्या घरी महावीरांची पूजा, आणि आपण दोघी बरोबर उलट्या बाजूला उभ्या. तू मला म्हणायचीस, "तुमच्या बुद्धांनीच सांगितलंय न्हवं, तृष्णा हे दुःखाचं मूळ? मग त्या बिचाऱ्या सोडियमच्या गळ्यात कशाला तृष्णा बांधतेस?" आणि मी म्हणायचे, तुमच्यात तर मातीत जीव, पाण्यात जीव, आगीतसुद्धा जीव. सगळीकडे जीव आहे आणि एका सोडियमला तेवढं काही वाटत नाही? तू म्हणायचीस, "जीव हाय का न्हाय ते मुनी महाराजांना विचार. इलेक्ट्रॉनचं मला विचार." आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून घड्याळ बघायचीस.

सोमवारी फौंड्रीला सुट्टी असायची. मी वारणानगरहून कॉलेज संपवून एसटीने घरी येईपर्यंत तू माझ्या पायरीवर बसलेली असायचीस, डबा उघडून. माझ्यासाठी थांबायची नाहीस, सूर्य थांबत नाही म्हणून. तू जेवायचीस, मी चहा ठेवायचे, आणि मग आपण भांडायचो. लग्नं झाली, मुलं झाली, दोघींची नोकरी संपली, पण सोमवार चुकला नाही.

एकदाच तू सोमवार सोडून आलीस. ती खंडेनवमी होती.

तुम्हा फौंड्रीवाल्यांची खंडेनवमी मी ऐकून होते. भट्टी धुऊनपुसून लख्ख, लॅडलना म्हणजे रस ओतायच्या भांड्यांना हळदकुंकू, हातोड्यांना झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे. त्यात वावगं काहीच नाही. त्या वर्षी कुणीतरी मॅग्नेशियमचा डबाही पूजेत आणून ठेवला. लोखंडाच्या रसात मॅग्नेशियम टाकलं की बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ठिसूळ न राहता चिवट होतं, निम्म्या ऑर्डरी त्यावर चालायच्या, मग त्याला कुंकू का नको? डब्याचं झाकण उघडं, आत बारीक चुरा. आरती झाली, कापराचं ताट डब्याशेजारी टेकवलं, आणि जळता कापूर आत पडला.

तू पलीकडे होतीस. तू "पाणी नको!" म्हणून ओरडलीस. पण दत्तू मेस्त्री जवळ होता. आजूबाजूला बायका, पोरं, नवी लुगडी. त्याने पूजेचा कलश उचलला आणि ओतला. बास. पांढरा भडका उडाला आणि दत्तूचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजला. तो वाचला. एका डोळ्याने पुढे त्याला फार कमी दिसायचं.

तू संध्याकाळी माझ्याकडे आलीस तेव्हा तुझ्या साडीला कापराचा आणि जळक्या केसांचा वास होता. डबा नव्हता. सूर्य मावळला तरी तू पाण्याचा घोटही घेतला नव्हतास. म्हणालीस, "त्याला माहीत होतं गं. मीच सांगितलेलं. जळतं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजनबी ओढून घेतंय आणि हायड्रोजन मोकळा सोडतंय, म्हणजे आगीत पाणी न्हाय, जळण घातल्यासारखं. त्यानं मला हेच्या हे म्हणून दाखवलेलं. तरी हात पाण्याकडंच गेला. आग म्हटलं की पाणी, हे डोक्यात नसतंय सुजे. हातात असतंय."

तिथून तुझा वर्ग सुरू झाला. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी, नव्याने लागलेल्या सगळ्यांसाठी. मी एकदा बघायला आले होते. लोखंडी ताटात चिमूटभर मॅग्नेशियमचा चुरा, सारख्या अंतरावर दोन बादल्या, एक पाण्याची, एक कोरड्या वाळूची. तू बोलत बोलत चुरा पेटवायचीस आणि वाक्य अर्धवट सोडून गरजायचीस, "विझवा!" माणसं उठून धावायची. कुणी ना कुणी पाण्याकडे जायचाच. बादलीवर झाकण सुतळीने घट्ट बांधलेलं, त्यामुळे ओतता यायचं नाही. तो माणूस बादली हातात घेऊन ओशाळून उभा राहायचा. बाकीचे हसायचे. तू कधी हसली नाहीस. फक्त म्हणायचीस, "पुन्हा."

त्या दिवशी परत येताना आपण रिक्षात भांडलो, आठवतं? मी म्हटलं, कुसे, तू त्यांना उष्णता आणि बंध काय सांगत बसतेस? सरळ सांग की, मॅग्नेशियमला ऑक्सिजन हवा असतो आणि तो कुणाच्याही तोंडचा हिसकावून घेतं. हावऱ्या माणसापासून जपून राहायला सगळ्यांना कळतं. तू रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालीस, "आणि हावऱ्याला काय करतात? खायला घालून गप करतात. रागावलेल्याच्या पाया पडतात. नारळ फोडतात. एकदा का त्यांना वाटलं की ते चिडतंय, तर ते त्याची समजूत काढाय जाणार. पूजेत डबा ठेवला कुणी? त्याला कायतरी वाटतंय असं ज्यांना वाटलं त्यांनीच न्हवं? सुजे, त्याला राग न्हाय, लोभ न्हाय. हात जोडा न्हायतर शिव्या घाला, पाणी पडलं की ते तेच करणार."

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "कोण हो बाई, सासू का?" आपण दोघी इतक्या हसलो की भाडंही त्याला दोनदा मागावं लागलं.

शेवटची दीड-दोन वर्षं आपले सोमवार डायलिसिसच्या खोलीत गेले. तुझ्या मूत्रपिंडांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी तुला पोटॅशियम तोडायला सांगितलं. केळं नको, शहाळं नको, भाजी उकडून पाणी फेकायचं, बटाटा नको. तू म्हणालीस, "बटाटा मी जन्मात खाल्ला न्हाय. आमच्यात कंद चालत न्हाईत. चला, एक तरी पथ्य आधीच पाळून झालंय." आणि मग, "सगळी हयात मॅग्नेशियमपास्नं माणसं वाचवली, आता पोटॅशियम माझ्या मागं लागलं."

मी लगेच पकडलं. म्हटलं, मागं लागलं? म्हणजे त्याला तू हवी आहेस? तू मशीनच्या नळ्यांसकट बोट उगारलंस. "चुकलं. वाक्य मागं घेतो." आयुष्यात एवढं एकदाच तू वाक्य मागे घेतलंस. मी ते विसरणार नाही.

तुझ्या नणंदबाई तेव्हा तिथे होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, "अगं बाई, पाण्यात टाकल्यावर पेटतंय तेच का हे पोटॅशियम? पोटात पेटलं म्हणजे?" तू पडल्या पडल्या त्यांची शिकवणी घेतलीस. केळ्यातल्या पोटॅशियमचा तो सैल इलेक्ट्रॉन कधीच गेलेला असतो. राख पुन्हा पेटत नाही, तसं ते पुन्हा पेटत नाही. पण काळजाचा ठोका ज्या हिशोबाने पडतो त्यात पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर कमी असावं लागतं. बाहेर वाढलं की ठोका चुकतो. "आग लागून न्हाय मरत माणूस," तू म्हणालीस, "गोंधळ होऊन मरतंय." नणंदबाईंनी हात जोडले. तू माझ्याकडे बघितलंस, बघ, लागली का पाया पडायला, अशा नजरेने.

त्याच खोलीत तू मला म्हणालीस, "यंदाचा वर्ग तू घ्यायचास."

मी म्हटलं, तू असताना मी कशाला?

"घ्यायचास म्हटलं न्हवं? आणि एक. 'हवं असतं' म्हणायचं न्हाय. बाकी तुला काय सांगायचं ते सांग."

मी म्हटलं, बघू. तेवढ्यात मशीन वाजलं, नर्स आली, आणि बोलणं मतदार याद्यांवर की कशावर तरी गेलं. 'बघू' एवढंच मी तुला त्या विषयावर शेवटचं बोलले.

तू गेलीस ती सकाळी. रक्तात पोटॅशियम वाढलं आणि हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तुझा मुलगा अभय रडत होता, त्याला मी धरलं. मला रडू नंतर आलं. आधी आला तो राग. कुणाचा, तर पोटॅशियमचा. दिवसभर मी त्याला मनात शिव्या घातल्या. संध्याकाळी चहा ठेवताना मधेच थांबले. कुणाला शिव्या घालतेय मी? ते तुझ्यावर टपून बसलं नव्हतं. त्याने तुझा पत्ता शोधला नव्हता. तू मेलीस यात कुणाची इच्छा नव्हती, दावा नव्हता, सूड नव्हता. एवढी वर्षं ज्या वाक्याला मी कोरडं म्हटलं त्यानेच त्या दिवशी मला जरा टेकू दिला. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते इथे मानते.

तर कालचा वर्ग.

पत्र्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. कोअर शॉपमधल्या, म्हणजे वाळूचे गाभे बनवणाऱ्या बायका पुढे बसल्या. मागे भट्टीवरची माणसं, काही बिहारची, काही पन्हाळ्याकडची. दत्तू मेस्त्री आता नाही, पण त्याचा किस्सा सगळ्यांना माहीत होता. मी ठरवून तुझ्या पद्धतीने सुरुवात केली. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन एकत्र आले की किती उष्णता निघते, पाण्यातला ऑक्सिजन हायड्रोजनला धरून असला तरी मॅग्नेशियमशी होणारा त्याचा बंध त्याहून पक्का कसा, म्हणून तो तिकडे कसा जातो. एका माणसाने जांभई दिली. दुसरा मोबाइल बघू लागला. तुझ्या तोंडून हेच शब्द यायचे तेव्हा लोक का ऐकायचे, हे मला आता कळतं. तुझ्या आवाजात वीस-पंचवीस वर्षांची भट्टी होती. माझ्या आवाजात अकरावी ब.

मी घाबरले, कुसुम. परवा खंडेनवमी, ही माणसं त्या डब्याजवळ वावरणार, आणि माझ्यासमोर ती जांभया देतायत. मग मी हातातला खडू ठेवला आणि म्हटलं, "हे बघा, मॅग्नेशियम एक नंबर हावरट. त्याला ऑक्सिजन हवाच हवा. हवेत मिळाला तर हवेतला खाणार, पाणी दिलंत तर पाण्याच्या पोटात हात घालून काढणार. पाणी म्हणजे त्याला मेजवानी!"

सगळे सावरून बसले. हसले. जांभईवाल्याने शेजाऱ्याला हिंदीत समजावून सांगितलं. मी ताटातला चुरा पेटवला, डोळे दिपवणारा तो पांढरा उजेड, आणि ओरडले, "विझवा!" शोभा नावाची कोअर शॉपमधली बाई उठली ती थेट वाळूकडे. तिच्यामागे आणखी दोघं, तेही वाळूकडे. पाण्याच्या बादलीकडे एकही जण गेला नाही. तुझ्या एवढ्या वर्षांत पहिल्या फेरीला असं कधी झालं नव्हतं. मी जिंकले होते. मला इतका आनंद झाला की मान वर करून मी तुला शोधलं सुद्धा.

मग शोभाने हातावरची वाळू झटकली आणि विचारलं, "म्याडम, एक इचारू? एवढं हावरट हाय म्हणतासा, तर खंडेनवमीला त्याला जरा हळदकुंकू नको व्हय लावायला? डबा बंदच ठेवू, पर पुजू की. समद्यांची पूजा करायची आणि त्याचीच सोडली तर कोपायचं उगंच. आणि पुजलं तर दमानं तरी घेईल."

मागून दोन-तीन माणसं म्हणाली, बरोबर हाय की.

तुला माझा चेहरा बघायला आवडलं असतं. रिक्षातलं तुझं वाक्य न वाक्य समोर उभं राहून बोलत होतं, आणि तेही इतक्या चांगल्या मनाने. या बाईला कुणाचंही वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त त्याला खूश ठेवायचं होतं, आणि त्याला खूश ठेवता येतं हे तिला मीच दोन मिनिटांपूर्वी शिकवलं होतं.

मी म्हटलं, "शोभाताई, बसा. सगळे बसा. मी आत्ता जे सांगितलं ते खोटं आहे."

मी खडू पुन्हा हातात घेतला.

"मॅग्नेशियम हावरट नाही. ते कोपत नाही. त्याला भूक नाही, राग नाही, काहीसुद्धा हवं नसतं. पूजा केली म्हणून ते दमानं घेणार नाही आणि पूजा केली नाही म्हणून डूख धरणार नाही. तुम्ही चांगले आहात की वाईट हे त्याला कळत नाही. दत्तू मेस्त्री चांगला माणूस होता. त्याने देवाच्या कलशातलं पाणी ओतलं, बायकापोरांना वाचवायला ओतलं. तरी तेच झालं. म्हणून तो डबा पूजेत येणार नाही. कोरड्या खोलीत, कुलपात. तुम्हाला पाया पडायचंच असेल तर त्या वाळूच्या बादलीच्या पडा."

शोभा पुन्हा खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "मग आधी तसं का सांगिटलासा?"

"तुमच्या लक्षात राहावं म्हणून."

"ऱ्हायलं की," ती म्हणाली. "पर हे जास्त भ्या वाटण्यासारखं हाय. ज्याला कायच नको त्याला काय देऊन गप करायचं?"

कुणी हसलं नाही. कुणी जांभई दिली नाही. मी म्हटलं, "पुन्हा." दुसऱ्यांदा चुरा पेटवला, दुसऱ्या माणसांना उठवलं. यावेळी पन्हाळ्याकडचा एकजण नेमका पाण्याच्या बादलीपाशी गेला आणि झाकणाला हात लावून ओशाळला. मी हसले नाही. त्याला म्हटलं, "पुन्हा." उजेड डोळ्यांना सोसेनासा होईपर्यंत आम्ही ते करत राहिलो, आणि शेवटी सगळे हात वाळूकडे जायला लागले.

तर तुझं खरं होतं, हे मी काल चाळीस परक्या माणसांसमोर मोठ्याने कबूल केलं. तुझ्यासमोर एकदाही केलं नाही. लोकांना वाटेल मी हट्टी. तुलाही तसंच वाटायचं. पण मला ते पटलं होतं गं, फार आधी, जळक्या केसांच्या वासाची ती साडी नेसून तू माझ्या पायरीवर बसलीस त्या संध्याकाळीच पटलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर वाद मिटला असता, आणि वाद मिटल्यावर तू एवढ्या लांब दर सोमवारी कशाला आली असतीस? मला तू यायला हवी होतीस.